गळका पंप आणि कुंपण

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता अमेरिकेत नेपरव्हिलला राहते, पंप बनवणाऱ्या कंपनीत पर्चेस बघते. म्हणजे तुमच्याच धंद्यात आले, पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं. हसा हवं तर.

आपल्या मोरीत तुम्ही नोकरीला होतात त्या फॅक्टरीचा पंप होता आणि तो कायम गळायचा. आई खाली घमेलं ठेवायची. “देशाची प्रगती होईल तेव्हा होईल, फरशी मीच पुसायची ना?” एकदा तुम्ही जेवता जेवता परदेशी मालावर कर का हवा ते समजावताय, रोप लहान आहे तोवर कुंपण पाहिजे म्हणताय. मी विचारलं, “मग आपला पंप गळतो का?” तुम्ही ताट सारलंत, मला नको ते बोललात. मला फार लागलं होतं ते. मग हात धुऊन आलात आणि हळूच म्हणालात, “कुंपण रोपासाठी असतं गं. आमचा मालक आत खाट टाकून झोपलाय.”

ते कराचं कुंपण आता सरकारनंच काढलं. तुमच्या फॅक्टरीला कुलूप लागलं, आईनं फोनवर सांगितलं. जे कारखाने तगले ते आमच्याकडे माल विकायला येतात. मागे कोल्हापूरच्या एका छोट्या फाउंड्रीनं पंपाच्या ओतीव बॉडीचं सॅम्पल पाठवलं. प्रेशर टेस्टला लावलं आणि पाणी झिरपलं. मला घमेलंच आठवलं. बॉस म्हणाला, “रिजेक्ट कर, चीनचं पास झालंय.” कळवायला मी फोन केला. फाउंड्रीचे मालक अवघडून इंग्लिश बोलत होते, मला राहवेना, मी मराठीत सुरू झाले. तिथंच चुकले. ‘मॅडम’ गेलं आणि ‘ताई’ आलं.

“ताई, ह्या ऑर्डरच्या भरवशावर नवी भट्टी घातलीय. एक डाव संधी द्या.”

ताई म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? “एकदाच,” मी म्हटलं. “परत मागू नका.” बॉसला सांगितलं, दोष साच्याच्या वाळूचा आहे, सुधारेल, थोडी मुदत देऊ. ते खरंही आहे.

दुसरं सॅम्पल उद्या टेस्टला लागेल. गळलं तर रिजेक्टवर सही माझीच. हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार, म्हणून सांगते: सॅम्पल दुसऱ्या कुठल्या देशाचं असतं तर मी मुदत मागितली नसती. म्हणजे मीही कुंपणच घातलं; आत रोप आहे की खाट, ते उद्या कळेल. आणि सकाळपासून मला भीती वाटतेय, बाबा.