गोठ्यातली किटली

आत्ती, लेक बाळंतपणाला आली आहे आणि मी पुन्हा पाणी उकळायला लागले आहे. घरात नळ आहे, नळाला पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, जावयानं ते मुद्दाम आणून बसवलं आहे. तरी सकाळी उठल्यावर मी पहिलं पातेलं गॅसवर चढवते आणि बुडबुडे फुटायला लागले की घड्याळाकडे बघत उभी राहते. लेक हसते. ‘आई, यंत्रातलं पाणी परत उकळून त्याचं सूप करणार आहेस का?’ म्हणते. जुनी सवय, असं मी सांगते. ती कुठली सवय ते तिला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नव्हतं. काल मी तिला खिडकीशी नेऊन खालची पापणी ओढून तिचे डोळे बघितले, तेव्हा ती जराशी दचकली. आता ती दुपारची झोपली आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या घरी मी सून म्हणून आले तेव्हा पाण्याला भ्यायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. माझं माहेर राधानगरीकडचं. आमच्या परड्यातच झरा होता, तहान लागली की ओंजळ लावायची. तुमचं गाव कोल्हापूरच्या खालच्या अंगाला, पंचगंगेच्या काठावर. गावच्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजायची नाही, म्हणून प्यायला नदी. थंडी सरली की वरच्या बंधाऱ्यात लाकडी फळ्यांचे बरगे घालून पाणी अडवायचे आणि आमच्यापुढं नदीची बारीक धार उरायची. त्या धारेत शहराचे नाले आणि साखर कारखान्याची मळी यांचाच भरणा जास्त. धारेतलं पाणी तुम्हीही कधी भरलं नाहीत. काठापासून चार हात लांब वाळूत बसून तुम्ही हातानं झिरा उकरायचात, पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचात आणि मग नितळ पाणी हळूहळू पाझरून वर यायचं. ते तळहातावर घेऊन तुम्ही मला दाखवायचात. ‘बघ, हाताच्या रेघा दिसत्यात का न्हाय? वाळूनं गाळलंय. ह्याच्यापरीस चोख पाणी राजाच्या घरात बी नसंल.’ शेजारपाजारच्या बायका तुमच्याच झिऱ्यावर घागरी घेऊन यायच्या आणि तुम्हाला त्याचा अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मला सहावा लागला होता आणि धाकट्या जावेला सातवा. ती गडहिंग्लजकडची, मला आक्का म्हणायची, आणि तिच्या पोटात कुठलीही गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकायची नाही. एका सकाळी वरचे बरगे काढले आणि अडलेलं सगळं पाणी एकदम गावापुढं आलं. चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, वर फेस, आणि असा वास की काठावर उभं राहिलं तर डोळ्यांना पाणी यावं. त्या पाण्यावर मासे उलटे होऊन तरंगत होते, काही अजून तोंड उघडझाप करत होते. माणसं बुट्ट्या घेऊन धावत सुटली. फुकटचा मासा कोण सोडतो? तुम्ही मात्र दारात आडव्या उभ्या राहिलात. धाकटा दीर बुट्टी भरून आला होता, त्याला तुम्ही म्हणालात, ‘जो मासा पाण्यात ऱ्हाऊन मेला, त्यो माझ्या चुलीवर चढायचा न्हाय.’ बुट्टी उकिरड्यावर गेली. तुम्हाला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. चार दिवसांनी पाणी जरा निवळलं आणि तुम्ही झिरा आणखी दोन हात मागं सरकवून नव्यानं उकरलात. पाणी पहिल्यासारखंच नितळ आलं, आणि घर निर्धास्त झालं.

त्याच आठवड्यात मी शेजारच्या गावच्या दवाखान्यात धनुर्वाताची सुई घ्यायला गेले. जाऊ पुढच्या आठवड्यात जाणार होती, कारण एका घरातल्या दोन पोटुश्यांनी एकदम उंबरा ओलांडायचा नाही हा तुमचा नेम. नर्सबाई तोंडाची फटकळ होती. सुई टोचता टोचता तिनं विचारलं, पाणी कुठलं पिता? मी झिऱ्याचं सांगितलं, वर तळहाताच्या रेघांचंही सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. ती हसली नाही. म्हणाली, ‘मळी दिसते, तिचा वास येतो, म्हणून तिच्यापासून माणूस लांब तरी राहतो. शहराचा मैला याच पाण्यात येतो, तो वाळूतून पाझरला तरी कावीळ घेऊन येतो. स्वच्छ दिसतंय म्हणून फसू नका, उकळून प्या.’ मग सुई भांड्यात टाकून माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘आणि पोटुशी बाई या काविळीत सापडली तर हाती लागत नाही. खालच्या गावात दोघी गेल्या.’

परत येताना मळ्याच्या वाटेनं चालत होते. एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. पोटात मूल हललं की वाटायचं, ते पाणी आत गेलंय. घरी आले. तुम्ही भाकरी थापत होतात, जाऊ चुलीपुढं बसून जाळ सारत होती. मी म्हणाले, नर्सबाई पाणी उकळून प्या म्हणते. तुम्ही थापता थापता थांबलात. ‘उकाळल्यालं पाणी आजाऱ्याला देत्यात. माझ्या घरात कोण आजारी हाय? धा माणसांचं पाणी उकाळाय शेणी कुठल्या आणू? चाळीस वरसं मी हेच पाणी पितो, मला काय झालं?’ जाऊ खुदकन हसली आणि म्हणाली, ‘नर्सबाईला म्हणावं, ये आणि चूल फुक की.’ नर्सबाईचं दुसरं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण तुमच्या घरात पोटुशीसमोर मरणाचं नाव काढायचं नसे. नुसतं ‘अमकी गेली’ म्हटलं तरी तुम्ही कानाला हात लावून दारात पाणी शिंपडायचात. समोर जाऊ सात महिन्यांचं पोट घेऊन बसलेली. ते वाक्य मी गिळलं. तुम्हाला एकट्या गाठून नंतर सांगू, असं मनाशी ठरवलं. तुम्ही एकट्या कितीदा तरी सापडलात, आत्ती. परड्यात, मळ्यात, देवळाच्या पायरीवर. मी सांगितलं नाही. तुम्ही ओरडाल, अभद्र बोलते म्हणाल, असं मला वाटायचं. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी चोरी करायला लागले. परड्यातल्या चुलीवर अंघोळीच्या पाण्याचा हंडा असायचा, विहिरीच्या पाण्याचा. तो पेटवायचं काम माझ्याकडे. पाणी कोमट झालं तरी मी जाळ ओढायचे नाही, खळखळ उकळू द्यायचे. तुम्ही एकदा म्हणालातही, ‘एवढं कडकडीत कशाला ग, कोंबडं सोलायचंय व्हय?’ सगळ्यांच्या अंघोळीआधी मी त्यातलं दुधाच्या जुन्या किटलीत भरायचे आणि ती गोठ्यात सरकी पेंडीच्या पोत्यामागं लपवायचे. धारा मीच काढत असे, त्यामुळं तिकडं दुसरं कुणी फिरकत नव्हतं. मचूळ, धुराचा वास येणारं पाणी. मी ते दिवसभर गोठ्यात जाऊन जाऊन प्यायचे, आणि जेवताना सगळ्यांबरोबर माठातल्या पाण्याचा तांब्या नुसता ओठाला लावायचे. किटलीत एका माणसाला पुरेल एवढंच मावायचं.

मग ती दुपार. जाऊ शेणी लावून आली होती, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, कपाळावर घाम. मी किटली तोंडाला लावून नुकतीच खाली ठेवलेली. ती दारात उभी राहून म्हणाली, ‘आक्का, त्यात काय हाय? ताक असलं तर घोटभर ओता की माझ्या तोंडात. कोरड पडलीया.’ हिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत साऱ्या घराला कळणार, तुम्ही किटली आडात फेकून देणार. हे सगळं डोक्यात आलं, पण त्याच्याही आधी आलं ते असं, की अर्धी हिला दिली तर माझी अर्धी होईल. मी म्हणाले, ‘म्हशीचं औषध हाय ते, ढोराच्या डॉक्टरनं दिलंय.’ ती हसली. ‘म्हशीची चंगळ हाय की मग,’ म्हणाली आणि घरात गेली. माठावरचं झाकण उचलल्याचा आवाज मला गोठ्यात ऐकू आला. तिनं एक तांब्या प्यायला, मग दुसरा बुडवला. मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे आणि ऐकते आहे.

तीन आठवड्यांनी तिला अन्न नकोसं झालं. मी रोज सकाळी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, त्यामुळं पहिल्यांदा पिवळं मला दिसलं, आणि तेही मी एक दिवस कुणाला सांगितलं नाही. तुम्ही काविळीची माळ आणून तिच्या डोक्यावर ठेवलीत. माळ जसजशी उतरेल तसतशी कावीळ उतरते म्हणतात. माळ वाढत वाढत गळ्यापर्यंत आली आणि तिची नखंसुद्धा पिवळी झाली. मग ती बरळायला लागली, गडहिंग्लजच्या बाजाराला जायचंय म्हणून लुगडं मागायला लागली. जीपमधून कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत तिनं आम्हाला ओळखणं सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली, मूल पोटातच गेलं. गावात त्या उन्हाळ्यात घरोघर कावीळ होती, बाकीची माणसं महिनाभर झोपून उठली. तुमचा थोरला उठला, तुम्ही स्वतः उठलात. मीही तिच्यासारखीच भरल्या पोटाची, पण मला काहीच झालं नाही.

अंथरुणातून उठल्यावर पहिलं काम तुम्ही कुठलं केलंत ते मला आठवतं. नदीवर गेलात आणि झिरा पायांनी बुजवलात. वाळू ढकलत होतात आणि मोठमोठ्यानं म्हणत होतात, ‘माझ्या हातानं पाजलं, माझ्या हातानं.’ बायकांनी धरून आणलं तुम्हाला. त्यानंतर गावात नळ आला, टाकीत औषध पडायला लागलं, पाण्याला वास येतो म्हणून लोक कुरकुरले, आणि तुम्ही त्यांच्यावर खेकसायचात, वास येऊ दे म्हणायचात. माझी लेक जन्मली तेव्हा तिला मांडीवर घेऊन तुम्ही म्हणालात, ही तरी देवानं राखली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आल्यागेल्याला तुम्ही सांगायचात, धाकटीला मीच मारली, सुनेनं सांगितलं होतं पण मी ऐकलं नाही. लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मला तुमच्याजवळ बसायची भीती वाटायची, आत्ती, आणि तुम्हाला वाटायचं मी तुमच्यावर रागावले आहे.

शेवटच्या दिवसांत सोप्यात खाट टाकली होती तुमची. दुपारची वेळ होती, मी पाय चेपत होते. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, ‘त्या नर्सनं आणि काय सांगितलं व्हतं का ग तुला? तवा तू कायतरी बोलाय बघत व्हतीस, असं मला सारखं वाटतंय.’ एवढी वर्षं ते तुमच्या मनात होतं. मी म्हणाले, ‘न्हाय आत्ती, एवढंच.’ तुम्ही मान हलवलीत. माझा शब्द तुम्हाला पुरला आणि पुन्हा तुम्ही कधी विचारलं नाहीत.

पुढं एकदा ती नर्सबाई एसटी स्टँडवर भेटली होती. आडून आडून विचारलं तेव्हा म्हणाली, कावीळ अंगात शिरते आणि दिसते त्यात बरेच दिवस जातात, ते पाणी तुझ्या जावेनं आधीच प्यायलेलं असेल. असेलही. त्या एका ‘असेल’वर मी बरीच वर्षं काढली. पण किटली पुढं केली असती तर काय झालं असतं ते मला कळणार नाही. तिला म्हशीचं औषध सांगितलं तेव्हा तर नर्सबाईनं मला अजून हा आधार दिला नव्हता.

हे मी लेकीला दाखवणार नाही. तिला तिच्या काकूचं एवढंच माहीत आहे की ती काविळीनं गेली. कागद ट्रंकेत तळाशी ठेवीन. माझ्यामागं कुणी वाचलं तर वाचलं. पण आज सकाळचं तेवढं लिहायचं राहिलं. शेजारची सून आली होती, तिलाही आठवा आहे. जिना चढून दमली होती, म्हणाली, काकू, पाणी द्या जरा. उकळून गार केलेलं पातेलं ओट्यावर माझ्या हाताशी होतं, संध्याकाळपर्यंत लेकीला पुरेल असं मोजून उकळलेलं. मी तिला यंत्राच्या नळाचं पाणी दिलं. चांगलंच असतं ते, सगळे तेच पितात. ती पीत होती तेव्हा बोलता बोलता मी पातेल्यावर ताट झाकलं.