सेल्फ घेते, सुरू होत नाही

१० फेब्रुवारी

रिले परत बसवला. तरी गाडी सुरू झाली नाही!

मला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. दुपारी आई जरा पडली होती तेव्हा शेडमध्ये गेले. बॅटरी कालच चार्ज करून आणली होती. डॅशबोर्डखालचं झाकण काढलं आणि शिवणाच्या डब्यात लपवलेला तो रिले, पेट्रोलच्या पंपाला करंट सोडणारा काळा चौकोनी तुकडा, त्याच्या जागी दाबून बसवला. किल्ली फिरवली. मागे टाकीत पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणला. म्हणजे मी बंद केलेलं मी चालू केलं. मग सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र — इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही. तीनदा मारला. बाबाही तीनदाच मारायचे.

इथे लिहून टाकते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. गेल्या वर्षी ११ मार्चला बाबांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी समोरच्या घराच्या फाटकावर घातली. फाटकामागे चार पावलांवर त्या घरातली लहानगी तीनचाकी सायकलवर बसली होती. तिला काही झालं नाही. छत्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेला माणूस! आता चालवू नका, हे त्यांना सांगायचं कुणी? आई म्हणाली, तू बोल. मी म्हटलं, तू बोल. कुणीच बोललं नाही. १२ तारखेला त्यांची आंघोळ चालू असताना मी रिले काढून घेतला.

पुढचे दहा महिने रोज सकाळी सात वाजता बाबा शेडमध्ये जायचे. तीनदा सेल्फ मारायचे. बॉनेट उघडून उभे राहायचे. परत येऊन चहा घेताना म्हणायचे — "आज पण नाही." मी चहा ओतत असायचे.

बाबा गेले त्याला काल एक महिना झाला.

११ फेब्रुवारी

लॅबमध्ये रक्ताच्या सत्तावीस नळ्यांवर लेबलं लावली. एकही चुकलं नाही. सगळे म्हणतात, बरी सावरलीस. सावरायला आधी पडावं लागतं, तेच झालेलं नाही.

१३ फेब्रुवारी

गाडी सुरू व्हायलाच हवी. आईने ती बेकरीवाल्या बाईंना देऊन टाकलीय. त्या बाबांच्या शेवटच्या विद्यार्थिनी, नवरा गेल्यावर पन्नाशीला शिकायला आल्या. एक मार्चला न्यायला येणार आहेत. बंद असली तर ओढून नेऊ, असं म्हणाल्या होत्या. आई एकदम ताठ झाली — "मास्तरांची गाडी दोरीला बांधून जाणार नाही. सुरू होईल तेव्हाच फाटकाबाहेर पडेल."

तिला काय माहीत, कुणामुळे बंद पडली ते.

म्हणून आज पेट्रोल बदललं. बाबा शिकवायचे, इंजिनाला तीनच गोष्टी लागतात — हवा, पेट्रोल, ठिणगी. एकेक तपासायची, उगीच सगळीकडे हात घालायचा नाही. हवेचा फिल्टर काढून झटकला, ठीक होता. टाकीतलं वर्षाचं शिळं पेट्रोल नळीने काढलं. रंग चहासारखा, वास रंगाच्या डब्यासारखा. ताजं घातलं. सेल्फ मारला. घर्र घर्र. काही नाही.

आई दारात येऊन उभी. "काय करतेस?"

"बघतेय."

"हे पण असेच बघत बसायचे. बघून सुरू होत असती तर एव्हाना जगप्रवास झाला असता!"

मी हसले. आवाज आला, एवढंच.

१४ फेब्रुवारी

काही नाही. झोप येते. जेवण जातं. जे विचारतील त्याला हो म्हणते.

१६ फेब्रुवारी

मिस्त्री आले. बाबांचे जुने मित्र, हात कायम काळे, बोलणं मात्र धुतलेलं. आधी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, "ताई, सेल्फ मारा, मी ऐकतो." डोळे मिटून ऐकलं. "सेल्फ झकास घेते. म्हणजे बॅटरी आहे, स्टार्टर आहे. इंजिन जामही नाही — वर्षभर उभी राहिलेली गाडी अशी मोकळी फिरत नाही. पेट्रोल?"

"ताजं घातलंय."

"पंप?"

"चालू आहे." हे जरा पटकन बोलले.

मग त्यांनी एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला. मी सेल्फ मारला. ठिणगी नाही. दुसरा प्लग — नाही. चारही तसेच. "करंटच नाही ताई. डेल्को उघडू." डेल्को म्हणजे तो वाटीएवढा डबा, जिथून चारही प्लगांना आळीपाळीने करंट वाटला जातो. दोन क्लिपा सोडवून त्यांनी झाकण उचललं. आत बघत राहिले.

"रोटर नाहीये."

करंट वाटणारा तोच. अंगठ्याएवढा तुकडा, दांड्यावर बसून गरगर फिरतो. दांडा होता, वर काही नव्हतं.

"गळून पडला असेल?" मी विचारलं.

"हा गळत नाही ताई. हा काढतात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे कान गरम झाले. चोर मी होतेच, पण ही चोरी माझी नव्हती! "गेल्या फेब्रुवारीत सर्व्हिसिंग केलं तेव्हा मी स्वतः पुसून बसवला होता. आमच्या वेळचे ड्रायव्हर परगावी मुक्काम असला की रोटर काढून खिशात ठेवायचे. मग चोराला दिवसभर सेल्फ मारू दे!"

नवा मिळतो का बघतो म्हणाले.

मग कुणी काढला? घरात तिघंच होतो.

१७ फेब्रुवारी

आईला विचारलं. ती मटार सोलत होती.

"रोटर म्हणजे काय गं?"

सांगितलं. म्हणाली, मला बॉनेटसुद्धा उघडता येत नाही. एक शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. मग म्हणाली, "मी चष्मा लपवला होता ह्यांचा. लांबचा. पाहुण्यांच्या उशीच्या अभ्र्यात."

"कधी?"

"त्या फाटकानंतर दोन दिवसांनी. सकाळी बघते तर हे जुना, एका काडीचा चष्मा लावून शेडमध्ये! मला एका शब्दाने विचारलं नाही. माझंच धाडस होईना परत द्यायचं. परवा अभ्रा धुवायला काढला तर पडला बाहेर."

मग मी माझं सांगितलं. रिले, आंघोळ, शिवणाचा डबा, सगळं. वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे दहा महिने ते तिथे थंडीवाऱ्यात शोधत होते," ती म्हणाली, "आणि आपण दोघी चहा करत होतो."

"हो."

ती पुन्हा सोलायला लागली. मीही चार शेंगा घेतल्या.

१८ फेब्रुवारी

एक प्रसंग लिहायचा राहिला. म्हणजे मीच मागे ठेवला होता.

ऑक्टोबरमध्ये एकदा त्यांनी चहाचा कप खाली ठेवून सरळ विचारलं, "तुला काय वाटतं गं, काय झालं असेल तिला?" मी म्हटलं, "जुनी झाली बाबा." ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हो. जुनी झाली."

आयुष्यात कुठल्याही गाडीपुढे ते हरले नव्हते. ते गेले ते आपले हात निकामी झाले असं समजून गेले. आणि ते तसं मी समजू दिलं. मला हे माहीत आहे, शब्दन्‌शब्द माहीत आहे, आणि तरी आत काही हलत नाही. भूल दिलेल्या दातासारखं — डॉक्टर ठोकतोय हे कळतं, एवढंच.

२० फेब्रुवारी

मिस्त्रींचा फोन. हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. मागवलाय, पण महिना लागेल. एक मार्च गेली म्हणायची.

आईला सांगितलं. तिने फक्त कॅलेंडरकडे पाठ केली.

२३ फेब्रुवारी

बेकरीवाल्या बाईंना कळवलं, अजून सुरू होत नाही. त्या म्हणाल्या, "असू द्या हो. पण एक मागू का? मास्तरांच्या वहीतलं माझं पान मिळेल?"

वही विसरूनच गेले होते! प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान. धडा झाला की बाबा गाडीतच बसून शेरा लिहायचे. 'आरसा बघत नाही.' 'क्लचवर पाय ठेवून झोपतो.' शेवटी खाली पास किंवा नापास. सरकारी परीक्षा पास झालेल्यांनाही बाबांचा पास मिळेलच असं नाही. कित्येक लोक लायसन्स खिशात असताना त्यासाठी परत येऊन धडे घ्यायचे.

माझंही पान आहे कुठेतरी, अठराव्या वर्षाचं. सहा धडे झाले. सातव्याला त्यांनी माझ्यादेखत लिहिलं — 'सांगायच्या आधी करते.' मी भर चौकात गाडीतून उतरून घरी चालत आले! लायसन्स दुसऱ्याकडून काढलं. बाबा आठ दिवस बोलले नाहीत. खालची जागा त्यांनी कोरीच ठेवली, मीही कधी विचारलं नाही. जशास तसे, एका घरात.

२४ फेब्रुवारी

रोटर सापडला.

शेवटची वही त्यांच्या कपाटात, शर्टांच्या खाली होती. बेकरीवाल्या बाईंचं पान काढलं आणि सहज पुढचं उलटलं. कागदाला चिकटपट्टीने एक लिफाफा लावलेला. आत रोटर, स्वच्छ पुसून, फडक्यात गुंडाळलेला. पानावर त्यांचं अक्षर. जसंच्या तसं उतरवते —

'विद्यार्थी — स्वतः. वय ७८.
११ मार्च. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर. दुसरा ब्रेक दाबायला शेजारी कुणी नव्हतं. रस्त्यावर सोडू नये. नापास. रोटर काढून घेतला.
रोज तीन सेल्फ मारावे. इंजिन जाम होऊ देऊ नये. कुणाच्यातरी उपयोगी पडेल.'

शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेकचं पेडल होतं. छत्तीस वर्षं लोकांच्या चुका त्यांनी त्या पेडलने अडवल्या.

११ मार्च! म्हणजे त्याच दिवशी. मी रिले काढायच्या आधी, आईने चष्मा लपवायच्या आधी. ते काही शोधत नव्हते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं ती सुरू होणार नाही.

मग सांगितलं का नाही? मला राग आला. खरा, पोटातून. दीड महिन्यात पहिल्यांदा काहीतरी आलं आणि तो राग! "आज पण नाही" म्हणे! दहा महिने आम्हाला खेळवलं. म्हातारा! मी मोठ्याने म्हटलं, "म्हातारा!" आई आली. तिला वाचून दाखवलं. तिने रोटर हातात घेतला, पदराने पुन्हा पुसला, पुसायची गरज नसताना.

म्हणाली, "लपवायचं असलं की सगळ्यांना कपडेच सुचतात या घरात."

२५ फेब्रुवारी

मिस्त्रींनी रोटर बसवला. झाकण, दोन क्लिपा. "मारा ताई." पहिल्या सेल्फला खोकली. दुसऱ्याला लागली! शेड सगळी धुराने भरली. मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून उभे, डोळे पुसत होते. म्हणाले, धूर.

आई ओल्या हातांनी बाहेर आली आणि कठड्याला धरून रडली. मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसले होते. आवाज तोच, लहानपणी फाटकापासून ओळखायचे तो. तरी डोळे कोरडे.

१ मार्च

गेली. दोरीशिवाय.

बेकरीवाल्या बाईंनी आपलं पान गाडीत बसूनच वाचलं. 'घाबरते, पण थांबत नाही. पास.' मग फाटकातच गाडी बंद पाडली! आई खिडकीतून वाकून म्हणाली, "क्लच सावकाश सोडा, ते बघतायत." दुसऱ्यांदा नीट निघाल्या. वळणावर हॉर्न दिला.

शेडच्या जमिनीवर तेलाचा एक डाग राहिलाय. पुसायचा नाही असं ठरलं, कुणी न बोलता.

२ मार्च

माळ्यावरून अठ्ठावीस वर्षांपूर्वीची वही काढली. म्हटलं, आपलंही पान बघू. सहा धडे, फिकट शाई. 'सांगायच्या आधी करते.' खालची जागा कोरी असणार होती. कोरी नव्हती. नवी शाई, अक्षर थरथरलेलं —

'१३ मार्च. सकाळी पंपाचा आवाज नाही. काल रिले काढला. न विचारता, पण वेळेवर. पास.'

तिथेच शिडीखाली बसले आणि रडले. आई धावत आली, काय झालं, काय झालं. वही तिच्यापुढे धरली.