‘निऱ्या’ या चार पानी पत्राची आणि माझ्या इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी, वच्छला नामदेवराव अकर्ते, वय सहासष्ट, पूर्वी गृहविज्ञानाची शिक्षिका व आता ‘निऱ्या’ या मासिक पत्राची संपादक, राहणार परतवाडा, तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मोडले होते ते खुब्याचे हाड, आणि तेही जुळले. मला कोणी भरीस घातलेले नाही. ज्यांनी तसा प्रयत्न केला त्यांची नावे पुढे योग्य जागी येतील.

माझे लग्न झालेले नाही. मृत्युपत्र न करता मी गेले तर सगळे माझा धाकटा भाऊ पंजाबराव, राहणार शेंदूरजनाघाट, याच्याकडे जाईल, असे वकील धर्मपाल तायडे सांगतात. पंजाबरावाकडे गेलेली प्रत्येक गोष्ट त्याचा मुलगा गोपाल याच्याकडे जाते, हे मी सांगते. गोपालचे अकोल्यात साड्यांचे दुकान आहे. म्हणून हे लिहिणे आले.

१. परतवाड्याचे दोन खोल्यांचे घर मी माझी भाची वर्षाली, म्हणजे पंजाबरावाची मुलगी, हिला देते. आमच्या घराण्यात आजवर माझ्याशिवाय एकाही बाईला साडी बदलायला आतून कडी लागणारे स्वतःचे दार मिळालेले नाही. पुढच्या खोलीतला उभा आरसा भिंतीवरून काढू नये. पाहुण्यांना तो बोचतो. बोचू द्यावा.

२. बँकेतली ठेव पंजाबरावाची. तिच्यातून त्याने संत्र्याची नवी कलमे लावावीत. दुकानात घालू नये.

३. भावजय बेबीताई यांना माझ्या लोखंडी कपाटातल्या आहेराच्या सर्व साड्या द्याव्यात. ज्या घडीत आल्या त्याच घडीत आहेत. माझ्या निवृत्तीच्या समारंभात त्यांनी मला जी जांभळी साडी दिली ती मीच त्यांना गोपालच्या बारशाला दिली होती. मधल्या काळात ती आणखी कोणाकडे राहून आली असावी, कारण तिला डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि बेबीताई डांबराच्या गोळ्या वापरत नाहीत. मी ती हसून घेतली. आता हसण्याची पाळी त्यांची.

४. माझी मोठी कात्री बस स्टँडजवळचे शिंपी अब्दुल गफ्फार यांना. हात चांगला आहे. मात्र माझ्या एका ब्लाऊजचा गळा त्यांनी मला न विचारता पाठीमागून खोल कापला होता आणि वर म्हणाले होते की आता असेच चालते. तो ब्लाऊज मी माफ केलेला नाही. कात्री मिळाली याचा अर्थ माफी मिळाली असा काढू नये.

५. आता ‘निऱ्या’. निवृत्तीनंतर मी हे पत्र काढले. महिन्याला चार पाने, झेरॉक्स करून, पोस्टाने वर्गणीदारांच्या घरी. विषय एकच: माणसाने अंगावर काय घालावे आणि कसे. त्यात कधी जाहिरात आली नाही. एखाद्या साडीचा रंग दोन धुण्यांत जातो असे मी बेधडक लिहू शकते, कारण त्या साडीवाल्याचा चहा मी प्यालेली नसते.

कपाशी बुडाली आणि आमच्याकडे संत्र्याची झाडे उभ्या उभ्या वाळली, त्या वर्षी दर्यापूरकडच्या एका गृहस्थांचे कार्ड आले. “बाई, इथं माणसं मरून राहिली अन् तुमी पदरावर लिहून राहिल्या. लाज वाटत नाही काय?” मी ते कार्ड पहिल्या पानावर छापले. खाली लिहिले की माझा सख्खा भाऊ लग्नांना जायचा बंद झाला आहे, कारण कोटाची कोपरे फाटली आहेत, आणि घरात बसलेल्या माणसाची चौकशी कोणी करत नाही. कोपरे रफू करा, दाढी करा, मांडवात जाऊन बसा. लोक पाहतील. पाहू द्या. बायांनी त्या लग्नसराईत प्रत्येक लग्नाला एकच साडी नेसावी आणि कोणी टोकले तर ‘निऱ्या’वाल्या बाईने सांगितले म्हणून माझ्यावर ढकलावे. बायांनी मनापासून ढकलले. पंजाबराव रफूचा कोट घालून मांडवात जाऊन बसला. कार्डवाल्या गृहस्थांनी वर्गणी भरली. गोपालचा माल मात्र त्या हंगामात दुकानातच राहिला.

त्याचा राग त्याने तोंडावर काढला असता तर मला चालले असते. यंदा पावसाळ्यात मी अमरावतीला दवाखान्यात होते. परतल्यावर झेरॉक्सवाल्या ओमप्रकाशने मला अकोल्याहून आलेला एक रंगीत नमुना दाखवला. वर ‘निऱ्या’. खाली ‘संस्थापिका कै. वच्छलाताई’. त्याखाली माझा फोटो, आणि माझी काळ्या काठाची पांढरी साडी कॉम्प्युटरवर राणी रंगाची करून तिच्यावर टिकल्या मारलेल्या. माझ्या तोंडी वाक्य घातले होते की मी जन्मभर साडी घेतली ती गोपालच्याच दुकानातून. फोन करून जाब विचारला तेव्हा म्हणाला, “आत्याबाई, तयारी करून ठेवली होती. डॉक्टर काही नक्की सांगून नव्हते राहिले.”

‘कै.’ची घाई मी समजू शकते. राणी रंग नाही.

६. म्हणून ‘निऱ्या’चे नाव, वर्गणीदारांचे पत्ते, जुने अंक आणि शिल्लक वर्गणी मी हीना वकार अहमद हिला देते. हीना ही वर लिहिलेल्या अब्दुल गफ्फार यांची सून, वाणिज्य शाखेची पदवीधर आणि माझी सर्वांत भांडखोर वर्गणीदार. मी इस्त्रीवर अंक काढला तेव्हा ती तो हातात धरून दारात उभी राहिली. “बाई, दिवसभर लाईट नाही. इस्त्री काय कंदिलानं करू?” मी म्हटले, साडी गादीखाली घाल. ती म्हणाली, “मंग तेच लिहाचं होतं. अन् नायलॉनले शिव्या देता, पावसाळ्यात तुमची सुती साडी वाळते कधी? ओली नेसून फिराचं काय बाईनं?” मी तिला चुलीजवळच्या नायलॉनचे काय होते ते सांगितले. ती म्हणाली, दोन्ही छापा. दोन्ही छापले. तेव्हापासून अंक झेरॉक्सला जाण्याआधी तिच्याकडे जातो आणि लाल होऊन परत येतो.

बाहेर पडताना ती बुरखा घालते. आतल्या कुर्त्याची शिवण रस्त्यावर कोणाला दिसत नाही, तरी ती सरळ रेषेत असते. मला असाच माणूस हवा होता.

विचारले तेव्हा तिने नको म्हटले. “लोक म्हणतीन, साडीतलं हिले काय कळते?” मी म्हटले, तुझे सासरे अर्ध्या परतवाड्याच्या बायांची मापे घेत आले, त्यांना कोणी विचारले नाही. सोचून सांगते म्हणाली आणि गेली. मग मी तिच्याकडे या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा पाठवला. तिने बेबीताईंवरची वाक्ये लाल शाईने खोडली आणि समासात लिहिले, “मेल्यावर तरी कमी बोला, बाई.” ती वाक्ये मी पुन्हा लिहिली. पण लाल शाई आली, म्हणजे तिने काम सुरू केले, असे मी धरते.

अट एकच, जाहिरात नाही. हीनाला पुढे झेपले नाही तर पत्र बंद करावे. गोपालने ‘निऱ्या’ या नावाने दुकानाची पिशवीसुद्धा छापू नये.

७. मी गेल्यावर माहेरच्यांनी साडी आणायची अशी रीत आहे. मला माहेरच तेवढे आहे. साडी आणावी, पायाशी ठेवावी, मला नेसवू नये. माझी काळ्या काठाची पांढरी खळ घालून ठेवली आहे, ती नेसवावी. निऱ्या वर्षालीने घालाव्यात, सारख्या. पावडर लावू नये. मी आयुष्यात लावली नाही, आणि आता कोणाला फसवायचे आहे?

शेवटी साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये, असे धर्मपाल वकिलांनी समजावले. ज्याला काहीच मिळत नाही त्याने केली तर, असे मी विचारले. ते चष्मा पुसू लागले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. मी सही करताना पाहायचे आणि मग आपली करायची. पुढे कोणी म्हटले की म्हातारीला भ्रम झाला होता, तर ती शुद्धीवर होती हे शपथेवर सांगायची पाळी त्याच्यावर येते.

म्हणून मी गोपालला बोलावून घेतले. तो अकोल्याहून कडक इस्त्रीच्या शर्टात आला आहे आणि हे लिहीत असताना समोर बसून चहा पीत आहे. वाचून घे, असे मी त्याला वकिलांसमोर दोनदा सांगितले. तो म्हणाला, “आत्याबाई, तुमच्यावर भरोसा नाही काय मले? सही कुठं कराची तेवढं दाखवा.”

दाखवते.

ठिकाण: परतवाडा
दिनांक: १९ नोव्हेंबर २००७

(सही) वच्छला नामदेवराव अकर्ते

वरील बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीवर असताना व स्वखुशीने सही केली, म्हणून आम्ही साक्ष करतो.

१. (सही) धर्मपाल तायडे, वकील, परतवाडा
२. (सही) गोपाल पंजाबराव अकर्ते, साड्यांचे व्यापारी, अकोला