पूजेतून उचललेलं पुस्तक

अम्मा,

पूजेत मांडलेलं माझं पुस्तक मी घेऊन गेले आहे. उगाच मुलांवर ओरडू नका. त्याच्या जागी ही चिठ्ठी ठेवते.

उद्या दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत अक्षर वाचायचं नाही, हे या घरात येऊन मला पाठ झालंय. पण काल माझं शिलाई मशीन, कात्री, मुलांची दप्तरं मांडताना तुम्ही माझ्या उशीखालचं पुस्तकही उचललंत. विचारलं नाहीत.

मशीन पूजेत, म्हणून दुकान बंद. दप्तरं पूजेत, म्हणून मुलांचा अभ्यास नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडची माझी सेवेची फेरी कालच उरकली. वर्षातून हा एक दिवस मोकळा मिळतो, आणि नेमकी आजच वाचायला बंदी! एरवी मी पान उघडलं की कुणाला तरी चहा हवाच असतो.

पुट्टू आणि हरभऱ्याचं कालवण झाकून ठेवलंय. तुमच्या लेकानं, हरियेट्टननी, आपलं आपण वाढून घ्यावं, त्यांचे हात काही पूजेत ठेवलेले नाहीत. मी होडीच्या धक्क्यावर बसले आहे. पुस्तक संपल्याशिवाय हाक मारलीत तरी उठणार नाही.

देवी कोपली तर कोपू दे. एकटीवर नाही कोपणार. ही चिठ्ठी इथवर वाचलीत, म्हणजे तुमचाही नेम मोडला. आता मोडलाच आहे, तर पिठाच्या डब्यामागे दडवलेलं तुमचं साप्ताहिकही वाचून टाका. सकाळी पीठ काढताना दिसलं. तुमचा चष्मा त्यावरच ठेवलाय.

प्रसीता