जीपखालचं तेल

२४ मार्च
यात्रा कमिटीची मीटिंग. देवळापुढे नवी फरशी बसवलीय. अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाला, "फरशीवर तेल सांडलं तर यंदा पालखी आमच्या पिकअपमधून." आजोबांपासून नाथांची पालखी आमच्याच जीपमधून जाते. तेवढाच मान उरलाय घराला. आण्णा घरी येऊन न जेवता झोपले. चुलते असे उपाशी झोपले की मला धडकी भरते. वडील गेल्यावर त्यांनीच तर वाढवलं.

अध्यक्षाचा राग आला. पण जीप गळते, ते खोटं कसं म्हणू?

२७ मार्च
फर्स्ट शिफ्ट करून चाकणहून थेट जीपखाली. मागच्या अ‍ॅक्सलला शाफ्ट जोडलाय तिथलं ऑइल सील, तेल अडवणारी रबरी कडी, गेलंय. रहाटणीच्या स्पेअरपार्टवाल्या दुकानदारानं शोधून शोधून एक दिलं. "राव, हे आता म्युझियममध्ये मागा." बसवलं. चक्कर मारली. गळतंय.

२९ मार्च
पुन्हा उघडलं. जुन्या सीलनं घासून शाफ्टला खाच पाडलीय, नवं तिथं धरणार कसं! टर्नरकडून खाचेवर पातळ लोखंडी बुश चढवून घेतलं. सील परत नवं. माण गावापर्यंत जाऊन आलो... गळतंय. पाना भिंतीवर फेकला. ही म्हणाली, "आता नाथांनाच सांगा खाली शिरायला." हसू आलं नाही.

कंपनीत दिवसभर गिअरबॉक्स जोडतो. घरची एक जीप आवरत नाही. लाज वाटते.

१ एप्रिल
अध्यक्षाचा पिकअप धुऊनपुसून देवळापाशी उभा. अजून एक सील वाया. डोकं चालत नाही. आण्णा विचारतात, "व्हईल ना रं?" मी हो म्हणतो. साफ खोटं.

२ एप्रिल
सापडलं!! गाडी तापलेली असताना अ‍ॅक्सलचा तेल भरायचा प्लग सैल केला, तर फुस्सकन हवा सुटली. म्हणजे हवा आत कोंडते आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. ती जायला वर ब्रीदर असतो, बारीक भोकाचा. तो दिसेचना. खरवडलं. निळा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली तांबडा. दर यात्रेला आण्णा आडवे पडून जीप खालूनसुद्धा रंगवतात. देवाची गाडी, कुठं उघडी राहू नये म्हणून. त्यांच्याच ब्रशनं भोक बुजलंय.

हिच्या सुईनं मोकळं केलं. गाडी फिरवून आणली. कोरडी! जीपखालीच रडलो.

आण्णांना फक्त "सील खराब होतं" म्हणालो. खरं कळलं तर खचतील. या वयात... नको.

४ एप्रिल
उद्या यात्रा. शिफ्टवरून आलो तर दारात रंगाचा वास. आण्णा जीपखालून निघाले, कोपरापर्यंत भगवे, तोंडभर हसत. कित्येक दिवसांत असे हसले नव्हते. "तू तेल थांबवलंस, म्हटलं औंदा दोन हात देऊ. खालनं तर दाबून दिलाय."

आता जीपपाशीच खुर्ची टाकून बसलेत, ओल्या रंगाला कुणी हात लावू नये म्हणून.

जवळ गेलो. म्हणालो, "आण्णा, जरा उठता का? खाली शिरायचंय."

"का रं? काय ऱ्हायलं?"

हिची सुई खिशात घालून, वही घेऊन त्यांच्याशेजारीच बसलोय.