तपासणीच्या दिवशीचा पेशंट

यशवंतकाका,
सप्रेम जयभीम.

"प्रिया, पर्मनंट नोकरी हाय, पगाराचं मात्र विचारू नकोस," असं म्हणून तुम्हीच मला त्या हॉस्पिटलात पाठवलंत. नर्सिंग पास होऊन वर्षभर घरी बसले होते, म्हणून गेले. पण नेमणुकीचं पत्र न देता, कॉलेजातलाच जुना गणवेश घालून या, असं कुणी बोलावतं का? मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

मी गेले त्याच दिवशी तिथं सरकारी तपासणी होती. आम्ही नव्या पोरी एका दिवसापुरत्या नर्स, आणि पेशंटही भाड्याचे. सलाइनच्या नळ्या हाताला नुसत्या चिकटपट्टीनं लावलेल्या, सुई कुणालाच नाही. साहेब वॉर्डात शिरले तशी मी खिडकीजवळच्या पेशंटचं बीपी घ्यायला लागले. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं, पण कानामागचा भाजल्याचा डाग लपला नाही. तुम्हीच होता, काका.

तुम्हालाही फसवून झोपवलं होतं, की सगळं माहीत असून मला पाठवलंत? त्याच संध्याकाळी काकीसमोर "नोकरी कशी हाय?" म्हणून विचारलंत, तेव्हापासून माझा संशय लई वाढलाय.

पण बीपीचं मशीन खरं होतं. तुमचं बीपी दोनशेच्या घरात होतं. मला बघून वाढलं, की रोजच तेवढं असतं?

हे पत्र टाकलं तर तुम्ही मला टाळाल. म्हणून ते न टाकता, सरावाचं निमित्त करून रविवारी घरी येते. आधी काकीचं बीपी बघीन, मग तुमचं. तेव्हाही तोंड फिरवलंत, तर समजेन, तुम्हाला सगळं माहीत होतं.

तुमची पुतणी,
बुद्धप्रिया