झुंगूंच्या फाटकाशी

ब्रिस्टल,
१७ जून २००७

ती. मुरलीधरदादांस,

शशीचा साष्टांग नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न वाचताच वहिनींकडे सरकवलंत, तर वहिनींनी ते मोठ्यानं वाचावं. (वहिनी, तुम्हालाही नमस्कार. गुडघा कसा आहे? मी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नाही, हे गृहीत धरूनच विचारतो आहे.) दादा, तुमचं ब्लडप्रेशर, सकाळचं फिरणं आणि फिरून आल्यावर चौकातलं भाषण, सगळं नीट चालू असावं. इथे आम्ही खुशाल आहोत. सुप्रभाच्या बागेत रूबार्ब नावाचं आंबट देठांचं झुडूप माजलं आहे. त्याचं करतात काय हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही त्याची आमटी केली. ती जमली नाही.

मागच्या महिन्यात फोनवर मी मिहीरच्या लग्नाचं काढलं. मुलगी दक्षिण आफ्रिकेची, झुलू, त्याच्याच हॉस्पिटलात नर्स, नाव थांडेका, एवढं म्हणतोय तोवर तुम्ही ‘शशी, हा विषय माझ्यापुरता संपला’ म्हणून फोन ठेवलात. मला वाईट वाटलं, पण मोठ्या भावाचा तो हक्क आहे. तेव्हा त्या विषयावर मी एक अक्षर लिहीत नाही. मी भूगोलावर लिहितो आहे.

थांडेकाचे वडील ज्या म्युनिसिपालिटीत कौन्सिलर आहेत तिचा भूगोल मोठा अजब आहे. म्युनिसिपालिटी म्हटलं की आपल्याला गटार आणि जकात नाका आठवतो. तिथे नुसत्या टेकड्या. एका टेकडीवर पाच-सात घरं, मग दरी, मग नदी, मग पुढच्या टेकडीवर आणखी पाच-सात घरं, आणि हे सगळं मिळून एक वॉर्ड. डांबरी रस्ता शाळेपर्यंत येतो आणि तिथे त्याचा उत्साह संपतो. पूल इतका बुटका की पाऊस झाला की पूल पाण्याखाली आणि कौन्सिलरसाहेब पलीकडच्या काठावर. (लोक म्हणतात, मुद्दाम.) खालच्या उतारांवर मात्र ऊस आहे. दादा, ऊस! भरल्या ट्रॅक्टरमागे कांडकं ओढायला आम्ही पळायचो, असं थांडेका सांगत होती, तेव्हा ही पोरगी आपल्याच शिवारातली आहे असं मला वाटलं. (हा भूगोलच आहे.)

तर हे कौन्सिलर झुंगू गेल्या आठवड्यात अभ्यासदौऱ्यावर आले होते. इथला स्थानिक कारभार कसा चालतो ते बघायला. (त्यांना इथेच पाठवायचं कोणी ठरवलं कोण जाणे.) थांडेका म्हणाली, एक संध्याकाळ घरी येतील. मी तयारीला लागलो. त्यांच्या म्युनिसिपालिटीचा विकास आराखडा इंटरनेटवरून छापून काढला, त्यात प्रिंटरची शाई संपली. वॉर्डांची नावं पाठ केली. इंग्लंडात हाडं जोडण्यात माझं आयुष्य गेलं, पण परीक्षेची अशी धास्ती मला फेलोशिपनंतर पहिल्यांदाच वाटली.

आणि दारातच फजिती झाली. झुंगूसाहेब आले ते सुप्रभाला मागे टाकून आधी आत शिरले. तिची भुवई मला मागूनसुद्धा दिसली. (नंतर कळलं, त्यांच्याकडे पुरुषानं आधी आत जाऊन काही धोका नाही ना हे बघायचं असतं. सुप्रभा म्हणाली, आपल्या घरात धोका म्हणजे यांचं भाषण, ते बघून काय उपयोग.) आत येऊन ते कोणी ‘बसा’ म्हणायच्या आत बसले. माझी रीत तुम्हाला ठाऊक आहे, पाहुणा आला की उभं राहायचं. मी उभा. पण त्यांच्याकडे वडीलधाऱ्यापेक्षा उंच दिसणं हा उद्धटपणा, म्हणून तर ते चटकन बसले होते. मी वयानं मोठा, आणि मी बसेना. ते संकोचून सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून बूट घालायच्या स्टुलावर उतरले. मी अधिकच आदरानं उभा. सूप येईपर्यंत ते जवळजवळ गालिच्यावर आले होते. शेवटी थांडेका मिहीरच्या कानाशी काही बोलली आणि मिहीर म्हणाला, “बाबा, प्लीज सिट डाऊन. तुमच्यामुळे ते फ्लोअरवर जातायत.”

बसलो, पण तोंड थोडंच बसतं? स्वागतपर चार शब्द म्हणून मी आराखड्यातलं सगळं ओकलो. वॉर्ड, नदी, ऊस, आणि सरतेशेवटी त्यांच्या महापौरांच्या दूरदृष्टीची तारीफ. थांडेका ताटातली कोशिंबीर निरखू लागली. मागच्या वर्षीच्या निवडणुकीत याच महापौरांनी झुंगूंच्या पक्षाला लोळवलं होतं आणि पाण्याची लाईन आपल्या वॉर्डाकडे वळवून नेली होती. दादा, मिहीरचा चेहरा पाहवेना. त्याचं लग्न मी चक्क सूप आणि भात यांच्यामध्ये मोडलं, असं मला मनापासून वाटलं.

मला तारलं ते आमच्या कचऱ्याच्या डब्यानं. विषय बदलायचा म्हणून मी आमच्या कौन्सिलला शिव्या घालायला सुरुवात केली. आठवड्याला उचलायचे तो कचरा आता पंधरवड्याला उचलतात, आणि डब्याचं झाकण जरा वर राहिलं की हातच लावत नाहीत. मेंबरला विचारावं तर तो म्हणतो कंत्राटदार, कंत्राटदार म्हणतो कौन्सिल. झुंगूंनी काटा खाली ठेवला. पहिल्यांदा हसले. म्हणाले, आमच्याकडे पाणी जिल्ह्याचं, रस्ता प्रांताचा, जमीन इन्कोसीची, म्हणजे आमच्या पिढीजात राजाची, आणि शिव्या तेवढ्या कौन्सिलरच्या.

मग काय, बांध फुटला. मी तुमची गोष्ट सांगितली. तुम्ही सभापती असताना नळयोजना अडकली होती, तेव्हा इंजिनिअरला तुम्ही सहकुटुंब जत्रेला बोलावलंत, वहिनींनी पुरणपोळीचं जेवण घातलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या सासूबाईंच्या हातात अतिशय आदरानं रिकामी घागर देऊन विहिरीची वाट दाखवलीत. महिन्याभरात पाइप आले. झुंगू इतके हसले की डोळे पुसू लागले. मग विचारलं, हे भाऊ हयात आहेत? म्हटलं, हयात आहेत, पण माझ्याशी बोलत नाहीत. का, तर या लग्नामुळे. मला खोटं बोलवेना. थांडेकाचं तोंड उतरलं. पण झुंगू शांतपणे म्हणाले, बरोबर आहे. आमच्याकडेही थोरला भाऊ आधी नाहीच म्हणतो. मग त्याला आणायचं असतं. तेही लग्नाचंच काम आहे.

दादा, मुलगी चांगली आहे. तुमची शपथ. जाताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून निरोप घेतला, आणि दारातला झाकण वर राहिलेला कचऱ्याचा डबासुद्धा दाबून बंद करून गेली.

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
शशी

ता.क. : भूगोलाच्या नादात एक सांगायचं राहिलं. त्यांच्या रीतीप्रमाणे मागणी घालायला मुलाकडच्यांनी पहाटे मुलीच्या घराच्या फाटकाशी उभं राहून, तिच्या कुळाची आणि आपल्या कुळाची नावं मोठ्यानं पुकारायची असतात. आतून बोलावणं येईपर्यंत बाहेरच. मुलाच्या बापाला यात जागा नाही, घरातला थोरला लागतो. मला आजोबांच्या पलीकडचं एक नाव येत नाही, आणि ऑपरेशन थिएटरात कुजबुजून माझा आवाजही गेला आहे. तुम्ही ग्रामसभेत माईकशिवाय बोलायचात. झुंगू म्हणाले, फाटकाशी तो घागरवाला भाऊ आला तरच मी दार उघडीन. सप्टेंबरात तिकडे, झुंगूंच्या घरी, यायचं आहे. तुम्ही आला नाहीत तर हे लग्न फाटकाबाहेरच राहील. मिहीर तुमच्यावर रागावलेला नाही, नुसता वाट बघतो आहे. जमलं तर त्यांच्या पाण्याच्या लाईनीकडेही बघावं.

ता.ता.क. : तुम्ही हो म्हणालात असं मी त्यांना कळवून टाकलं आहे.

भाऊजींस सुप्रभाचा नमस्कार. तिकीट चिकटवायला दिलेलं पत्र मी वाचलं. तुम्ही जरूर या. आमच्या लग्नात माझे वडील तुम्हाला बोलवायला जानवसघरी आले, तेव्हा तुमची झोप व्हायची होती म्हणून ते दारात उन्हात उभे होते. झुंगूंना मी ही हकीकत सांगितली आहे. ते म्हणाले, काळजी करू नका, आम्हीही सावकाश उठू. तुमच्या सोबतीला लंडनच्या एजवेअरचा माझा भाचा रवी येईल. त्याच्याजवळ छत्री देते आहे. फारच ऊन लागलं तर उघडायला सांगितलं आहे.